माझगाव-शिवडीची कहाणी
(यवतमाळ येथे सूतगिरणी व जिन-प्रेस कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



सभा यवतमाळात आणि विषय मुंबईचा, तोही माझगाव-शिवडीचा, हे ऐकून मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली आहे. कुठं यवतमाळ अन् कुठं शिवडी ! आपल्या जिल्ह्याला एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलेलाच नाही. मग बंदरावरच्या गावाची कहाणी आम्हांला कशाला, असं कोणी विचारलं तर त्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांनी पिकवलेला कापूस जिनात सरकी काढून, प्रेसमध्ये दाबून, गाठी बांधून मुंबईला जाई, तो शिवडीच्या गोदामांत जाऊन पडे. भाव तिथं फुटे. ज्या जमिनीवर त्या गाठी पडल्या ती जमीन कोणाची होती, ती कोणी कशी घेतली आणि मूळच्या माणसाच्या हाती काय उरलं, एवढंच आज सांगायचं आहे.

आज मुंबई नकाशावर एकसंध दिसते. मुळात ती सात बेटं होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीला मधल्या खाड्यांत पाणी चढायचं, ओहोटीला नुसता चिखल. माझगाव हे पूर्वेच्या अंगाचं बेट, आणि त्याच्या वर परळ बेटाच्या काठाला शिवडी. समोरचं पाणी खोल, मोठ्या समुद्राच्या वाऱ्यापासून आडोसा असलेलं. जहाजाला उभं राहायला याहून चांगली जागा नाही, आणि हेच त्या गावांच्या मुळावर आलं. वस्ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, आगऱ्यांची. कोळी मासे मारी, भंडारी माडावर चढे, आगरी खाजणात मीठ पिकवी आणि जमेल तिथं भात लावी. माझगाव या नावाचं मूळ कोणी मत्स्यग्राम सांगतात, कोणी म्हणतात साधं ‘माझं गाव’. दोन्हींतलं कोणतंही धरा, शब्द आपल्याच घरचा आहे. मुंबई ओसाड होती, बाहेरच्या पैशानं ती उभी राहिली, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा मोठ्यानं उच्चारून पाहावं.

आता या गावाचे धनी कसे बदलले ते पहा. १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. १५७२ साली पोर्तुगालच्या राजानं माझगाव एका पोर्तुगीज घराण्याला वंशपरंपरा लिहून दिलं. १६६१ च्या तहात पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या राजाला दिली आणि मुंबई तिच्या हुंड्यात गेली. इंग्रजांना प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ साली. तीनच वर्षांनी, १६६८ साली, त्यांच्या राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. अहो, आपण बैलबाजारात गेलो तर बैलाचे दात पाहतो, चालवून पाहतो, मागच्या धन्याला विचारतो. इथं अख्खी गावं हुंड्यात गेली, भाड्यानं गेली, आणि होडी ओढणाऱ्या कोळ्याच्या कानावर कोणी गोष्टही घातली नाही.

हसू नका ! आपल्या वऱ्हाडाचं याहून वेगळं झालेलं नाही. १८५३ साली निजामानं फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली लॉर्ड कर्झननं सालाना पंचवीस लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत, तो १९०५ साली यवतमाळ जिल्हा झाला. मुंबई दहा पौंडांत अन् वऱ्हाड पंचवीस लाखांत ! भाव आपला जास्त आला म्हणून समाधान मानायचं तर माना, पण केळापूरच्या कास्तकाराला कोणी विचारायला आलं नाही हे माझगावच्या कोळ्यासारखंच.

धनी भांडले तरी मार गावालाच बसला. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान फौज घेऊन शिवडीला उतरला, तिथून माझगाव घेतलं आणि मुंबईच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. भांडण होतं कंपनीचं आणि औरंगजेब बादशहाचं. कंपनीनं बादशहाची माफी मागितली, दंड भरला आणि १६९० साली सिद्दी निघून गेला. जाताना माझगावचा कोट जाळून गेला. कंपनीनं आपला व्यापार पुन्हा मांडला. गावकऱ्यांच्या नुकसानीचा हिशेब मात्र कोणाच्या वहीत चढला नाही.

पुढं कोटातली गर्दी नको म्हणून गोरे साहेब माझगावला बंगले बांधून राहू लागले. बागा झाल्या. माझगावचा आंबा तर वर्षातून दोनदा फळतो अशी त्याची ख्याती होती. पण बंदर आणि बाग एका जागी नांदत नाहीत. १७७४ साली माझगावला पहिली लहानशी गोदी झाली. पश्चिमेकडे १७८० नंतर वरळीची खिंड बांध घालून बुजवली, त्याबरोबर आतल्या खाड्या सुकल्या. १८०३ साली शीवचा बांधरस्ता झाला, १८४५ साली माहीमचा. माझगाव आजपासून मुंबईत सामील, असा जाहीरनामा कोणी काढला नव्हता. आधी खाडी बुजली, मग तिच्यावर सडक आली, सडकेमागून घरपट्टी आली आणि गाव शहरात गेलेलं होतं. शिवडीत एक बागायती संस्थेची बाग होती. १८६५ साली म्युनिसिपालिटीचे कमिशनर क्रॉफर्ड यांनी ती जागा गोऱ्यांच्या स्मशानासाठी घेतली. धूर आणि गलका वाढला तसे बंगलेवाले मलबार हिलला निघून गेले. त्यांना दुसरीकडे जायची सोय होती. कोळीवाडा तिथंच राहिला.

या माझगावनं कामगारांना एक माणूस दिला, त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. म्हातारपाखाडी म्हणून माझगावात एक जुनं गावठाण आहे. तिथं १८६४ साली जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले. लोक त्यांना काका म्हणत. विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, टिळकांच्या बरोबरीनं होमरूल चळवळीत उभे राहिले, आणि १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली त्या कामी त्यांचा मोठा हात होता. १९२५ साली ते मुंबईचे महापौरही झाले. काका ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या ईस्ट इंडियन समाजाची घरातली बोली मराठीच. धर्म पाहून मराठी माणूस मोजणाऱ्यांनी इथं जरा थांबून विचार करावा. माझगावचा कोट जिथं होता त्या टेकडीवरच्या बागेला आता काकांचं नाव आहे.

आता कापसाकडे येऊ. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी केली, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा इंग्रजाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. भाव असा चढला की मुंबईत लोकांनी गाद्यांतला कापूससुद्धा काढून विकला असं सांगतात. १८६५ साली युद्ध थांबलं आणि भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या. पण तोवर रेल्वे वऱ्हाडात शिरली होती. १८६७ साली ती नागपूरला पोचली आणि धामणगाव, पुलगाव, बडनेरा ही कापसाची ठाणी झाली. यवतमाळचा कास्तकार बंडीत कापूस भरून दोन-दोन दिवस धामणगावची वाट तुडवी.

मग १९०३ साली यवतमाळ-मूर्तिजापूर अडीच फुटी रूळ आले. आपली शकुंतला ! एका विलायती कंपनीनं ती बांधली, ती कापसासाठीच. दारव्हा, कारंजा करत गाठी मूर्तिजापूरला जात. तिथं हमालांच्या पाठीवरून त्या मोठ्या लाइनच्या डब्यात चढत आणि पुढं मुंबई. देशातली बाकीची रेल्वे सरकारी झाली तरी ही लाइन त्या कंपनीच्याच नावावर राहिली आणि स्वतंत्र भारताचं सरकार तिला पैसे मोजत राहिलं. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन धावत होतं. लोक कौतुकानं फोटो काढायला येत. आम्हांला त्या कौतुकाचं कधी फारसं वाटलं नाही. नव्वद वर्षांत ज्या लाइनीला कोणी हात लावला नाही तिचं कौतुक ते काय ?

गाठी मुंबईत जाऊन पडत कुठं ? आधी कोटातल्या मैदानात, १८४४ पासून कुलाब्याला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट झाला आणि पूर्वेच्या काठावर एकामागून एक गोद्या उठल्या : १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक. त्याच सुमाराला ट्रस्टनं माझगावपासून शिवडीपर्यंतचा समुद्र भरायला घेतला. पाचशे एकरांहून अधिक नवी जमीन ! जिथं होड्या लागत तिथं गोदामं आली, आणि समुद्र कोळीवाड्यापासून पार दूर सरला. ज्या चिखलावर कोळ्यानं पिढ्यान् पिढ्या खेकडे आणि कोलंबी धरली त्या चिखलाचा सात-बारा नसतो. सात-बारा नाही म्हणून हक्क नाही. पाण्यावर मातीच्या पाट्या टाकल्या की जमीन ट्रस्टची, असा तो कायदा. १९२० नंतरच्या काही वर्षांत कापसाचा सगळा बाजार या भरणीवर आला. तिथल्या स्टेशनाचंच नाव कॉटन ग्रीन. तिथं कापसाच्या सौद्याची मोठी इमारत उघडली. वायद्याचे आकडे तिथं ठरत आणि तारेनं अमरावती-यवतमाळला येत. कापूस आमच्या अंगणात, आणि त्याचा भाव कोळ्याच्या बुजवलेल्या चिखलावर ! दोघांनाही त्या इमारतीत बसायला खुर्ची नव्हती.

गोदीची आणि रुईची एक भयंकर आठवण आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटक दारू आणि तिच्याच जोडीला कराचीला चढवलेल्या रुईच्या हजारो गाठी. रुई आणि आग यांचं नातं जिनवाल्याला सांगावं लागत नाही. एक ठिणगी गाठीत शिरली तर वरून काही दिसत नाही, आतून धुमसत राहते. त्या दिवशी दुपारी तेच झालं. दोन स्फोट झाले, गोदी उडाली, भोवतालच्या वस्त्या जळाल्या, गोदी कामगार आणि बंबवाले धरून शेकडो माणसं मेली. दारू आणि रुई एका जहाजात भरण्याचा हुकूम हमालानं दिला नव्हता.

अशी ही मुंबई. आणि स्वातंत्र्यानंतर भाषावार राज्यांचा प्रश्न आला तेव्हा काय सांगितलं गेलं ? १९४८ साली दार कमिशननं आणि १९४९ साली काँग्रेसच्या तीन पुढाऱ्यांच्या समितीनं सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला देता येत नाही. ती भांडवलाची, ती अनेकांची. अनेकांची आहे याला ना नाही. पण त्या अनेकांत भराव टाकणारा, गाठ उचलणारा, साचा चालवणारा धरला होता काय ? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. शंभरावर माणसं गेली आणि त्यांत गिरणगावातले कामगार पुष्कळ. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

आपल्या जिल्ह्यात याबद्दल एकमत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. वणीचे लोकनायक बापूजी अणे शेवटपर्यंत वेगळ्या विदर्भाचे. फाजल अली कमिशननंही १९५५ साली वेगळा विदर्भच सुचवला होता. त्यांची भीती ही, की मोठ्या शहराच्या राज्यात गेलो तर शहर आपल्याला खाईल. ही भीती पोकळ होती असं आम्ही म्हणणार नाही. पुसदनं महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, १९७२ साली सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदीही सुरू केली, पुढं ती मोडली. अन् जिल्ह्यातला बहुतेक कापूस अजून रुई होऊनच बाहेर जातो. पण शिवडी पाहिली की आम्हांला वाटतं, शहर गावाला खातं ते राज्य कोणतं हे पाहून खात नाही. कागदावर गावाचं नाव नसलं की खातं.

याची साक्ष समोरच्या किनाऱ्यावर आहे. मुंबईची गोदी अपुरी पडली म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर करायचं ठरलं आणि त्या भागात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तिथले आगरी-कोळी दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तानला गोळीबार झाला, पाच माणसं हुतात्मा झाली. त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत, हे तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. अंमलात खोट राहिली, मध्ये दलाल घुसले, हे सगळं खरं. तरी कागदावर वाटा आला. १९८९ साली ते बंदर सुरू झालं. माझगाव-शिवडीच्या भरणीत टक्का सोडा, विचारणाही नव्हती. फरक काय ? तिकडचे लोक जमीन जाण्याच्या वेळी एकजुटीनं उभे होते, पाच वर्षांनी नव्हे.

अन् गिरणी कामगाराचं काय झालं ? १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक मिटत गेल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : शहराला मोकळी जागा, घरं आणि मालक. २००१ साली नियमातले शब्द बदलले, तीन वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे, इमारत उभी होती ती जमीन वाटपाबाहेर. २००६ साली सुप्रीम कोर्टातही मालकांचीच सरशी झाली. दोन-चार शब्दांत कितीतरी एकर सरकले ! शिवडीच्या बी.डी.डी. चाळी पहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींची पुनर्बांधणी सुरू झाली, शिवडीच्या मागं राहिल्या, कारण खालची जमीन पोर्ट ट्रस्टची. शंभर वर्षांपूर्वी समुद्र कोणाच्या नावानं भरला याचा हिशेब आजचा भाडेकरू फेडतो. १२ जानेवारी २०२४ ला त्याच शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जवळजवळ बावीस किलोमीटरचा सागरी पूल उघडला. आता बंदराच्या शेकडो एकर जुन्या जमिनीवर काय करायचं याचे आराखडे निघत असतात. समुद्राकाठचे मनोरे, फिरायच्या वाटा. त्या आराखड्यात कोळीवाडा कुठं आणि गोदी कामगाराची खोली कुठं हे मुंबईचे आपले भाऊ विचारताहेत. त्यांना आपला पाठिंबा असला पाहिजे.

आता घरचं बोलू. शकुंतला बंद पडली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या लाइनीचा वर्धा-कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ती यवतमाळला पोचेल तेव्हा स्टेशनाभोवतीच्या जमिनीला सोन्याचा भाव येईल. शकुंतलेच्या जुन्या रुळांखालची, जुन्या मालधक्क्यांची जमीन आहे. बंद जिन-प्रेसच्या आवारांत दोन-दोन पिढ्या राहिलेली कामगार कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे खोलीची पावती आहे पण नाव कुठं चढलेलं नाही. या प्रत्येक ठिकाणी आज चिखल आहे, उद्या भरणी होणार. तेव्हा युनियननं ठरवलं ते असं : प्रत्येक आवारातल्या कुटुंबांची यादी आपण स्वतः करायची. नाव, किती वर्षांपासून राहतो, कोणत्या खात्यात काम केलं, जुनी पावती, हजेरी-कार्ड, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, जे असेल ते. यादीची एक प्रत तहसीलदाराला, एक नगरपरिषदेला, एक आपल्याजवळ, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. विधवा बहिणींनी नवऱ्याच्या नावाबरोबर स्वतःचं नावही लिहावं, पोराच्या भरवशावर राहू नये.

कोरे अर्ज टेबलावर ठेवले आहेत. लिहिता येत नसेल त्याचा अर्ज आम्ही लिहून देऊ, अंगठा चालतो. दुसऱ्या पाळीच्या लोकांनी आधी भरून घ्यावे, त्यांचा भोंगा व्हायला आता अर्धाच तास आहे. पुढल्या रविवारी हीच सभा दारव्ह्याला, जुन्या मालधक्क्याजवळ.